तिसऱ्या वळणावरचं कुंपण

बाबा, तुमचा तो मोटारींच्या शर्यतींचा ट्रॅक गेल्या आठवड्यात अखेर अमेरिकेला रवाना झाला. बर दुबईतल्या कुरिअरवाल्याने तो गुंडाळून घातलेला पाइप बघून आधी तोंड वाकडं केलं, मग तो कानाशी धरून हलवला आणि विचारलं, "मॅडम, इसमें लिक्विड तो नहीं है ना?" मी म्हटलं, कागद आहे, वडिलांनी काढलेला. त्याने फॉर्मवर 'पेपर, नो व्हॅल्यू' असं लिहिलं आणि मी खाली सही केली. तुम्ही असता तर हाताने शाई केलेल्या एवढ्या मोठ्या नकाशाला नो व्हॅल्यू म्हणणाऱ्या माणसाचा तिथेच उभ्या उभ्या तासभर वर्ग घेतला असता. मी घेतला नाही. मला ऑफिसला परत जायचं होतं, गाडी मीना बझारच्या गल्लीत कशीबशी लावली होती. मला घाई होती, आणि माझ्या घाईबद्दलच तुम्हाला लिहायला बसले आहे.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मी आता डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहते, शारजातला आपला तो फ्लॅट सोडून मिरजेला गेलो तेव्हा इथे परत कधी येईन असं वाटलं नव्हतं, पण नोकरीने आणलंच. आई हिवाळ्यात माझ्याकडे येते. या वेळी मिरजेचं घर रंगवायला काढलं म्हणून तिने तुमचा तो पीव्हीसीचा पाइप सोबत आणला, दोन्ही टोकांना झाकण लावलेला, नळाच्या कामातून उरलेला. विमानतळावर तपासणीवाल्याने तिला विचारलं, यात काय आहे, तर ती म्हणाली, "माझ्या मिस्टरांचा रस्ता आहे." तुम्ही नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन, पण तिला तुमचं सगळं काम रस्ताच वाटायचं. गटार काढा, पूल काढा, ती म्हणणार, ह्यांचा रस्ता चाललाय.

पण हा रस्ता खरंच वेगळा होता. तुम्हाला तुमच्या साहेबाने तो काढायला दिला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. साहेब अमेरिकन, तुमच्या कन्सल्टन्सीतला सगळ्यात मोठा इंजिनिअर, उन्हाने मान कायमची लाल झालेला. निवृत्त होऊन परत जाणार होता, आणि ज्या गावी परत जाणार होता तिथे त्याच्या लहानपणीचा लंबगोल ट्रॅक आता राहिलेला नव्हता. नकाशाही नव्हता, कारण तो कधी कुणी काढलाच नव्हता. त्याच्याकडे होते अकरा फोटो आणि गावातल्या लोकांनी त्याच्या विनंतीवरून लिहिलेली सात पत्रं. त्याने तुम्हाला विचारलं, यावरून काढता येईल का? ऑफिसात तोवर कंप्युटर आले होते. काचेच्या केबिनमध्ये तीन मुलं बसून माउसने रेघा ओढायची आणि तुमचा ड्रॉइंग बोर्ड झेरॉक्स मशिनच्या शेजारी सरकवला होता. कुणी तुम्हाला तोंडावर काही बोललं नव्हतं, पण कॉन्ट्रॅक्टचं 'नेक्स्ट इयर वी विल सी' असं झालं होतं. तुम्ही आईला म्हणालात, "हे एक शीट होऊ दे. हात काय करू शकतो ते बघू देत त्यांना." मी तेव्हा जेवत होते. तुम्ही एरवी कधी स्वतःबद्दल बोलत नव्हता, म्हणून मी वर बघितलं होतं.

मग सुरू झाले आपले सुट्टीचे शुक्रवार. जेवणं झाली की टेबल पुसून त्यावर बोर्ड यायचा आणि मी पत्रं वाचायला बसायचे. तुमचं इंग्रजी ऑफिसातलं. स्पेसिफिकेशन तुम्ही घडाघडा वाचायचात, पण म्हाताऱ्या अमेरिकन माणसांचं एकाला एक जोडलेलं, तिरकं अक्षर तुम्हाला लागायचं नाही. मी इंग्लिश मीडियमची, म्हणून मी वाचायचं, मराठीत सांगायचं आणि तुम्ही वहीत उतरवायचं. वहीत दोन रकाने, डावीकडे गोष्ट, उजवीकडे ती कुठून घेतली ते. पुराव्याशिवाय रेघ ओढायची नाही हा तुमचा नियम. मी एकदा म्हटलं, "बाबा, इथे एक झाड काढा ना, बरं दिसेल." तुम्ही विचारलंत, "कुठल्या पत्रात आहे?" झालं, खलास, झाड नाही.

तो सगळा इतिहास मला अजून पाठ आहे, माझ्या शाळेतल्या इतिहासापेक्षा जास्त. आधी तिथे जत्रेतल्या घोड्यांच्या शर्यतींची वाट होती. मग गाईगुरं पाळणाऱ्या एका शेतकऱ्याने ती जमीन घेतली आणि युद्धावरून परतलेल्या पोरांना मोटारी पळवायला जागा हवी म्हणून तिचा अर्ध्या मैलाचा ट्रॅक केला. मोजला कसा, तर सायकलच्या चाकाला चिंधी बांधून, चिंधी किती वेळा वर आली ते त्याची बायको मोजत चालली. हे वाचल्यावर तुम्ही पेन्सिल खाली ठेवून इतके हसलात की आई आतून बघायला आली. मग गंभीर होऊन विचारलंत, "आतल्या कडेने मोजलं का मधून?" आणि ते पान मला तीनदा वाचायला लावलंत. माती तांबडी, चिकट. दर शनिवारी दुपारी टँकरने पाणी मारायचं, नाहीतर पहिल्या फेरीतच धुळीने काही दिसायचं नाही. गाड्या चालवणारे कोण, तर गावातला न्हावी, दूध पोचवणारा, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. आठवडाभर गाडी दुरुस्त करायची आणि शनिवारी परत मोडून आणायची. लाकडी स्टँड, त्याखाली मक्याची कणसं भाजणारी बाई, आणि सगळ्या गाड्या कायम डावीकडे वळणाऱ्या. पुढे डांबर पडलं, वेग वाढला, मग आजूबाजूला घरं झाली. ट्रॅकचा आवाज ज्यांना ऐकू येत होता त्यांनीच तिथे घरं घेतली आणि मग आवाजाची तक्रार केली. त्या शेतकऱ्याच्या विधवेने पाचव्या पत्रात हे फार चिडून लिहिलं होतं. दोन उन्हाळे पावसात गेले, तिसऱ्या वर्षी फाटक उघडलंच नाही. वर्षानुवर्षं गवत वाढलं, मग एके दिवशी सगळं सपाट करून तिथे गोदाम बांधलं. न्हाव्याने लिहिलं होतं की स्टँडच्या फळ्या लोकांनी घरी नेल्या आणि त्याच्या दुकानातला बाक त्यातलाच आहे.

सहावं पत्र साहेबाच्या मोठ्या बहिणीचं होतं. चार पानं, पाठपोट, निळी शाई, एका बाजूचं दुसऱ्या बाजूला उमटलेलं. आणि ती झेरॉक्स, म्हणजे आणखीच काळं. खाली माझी मैत्रीण गाडीत बसून होती, तिचे आईबाबा आम्हाला मामझारला समुद्रावर नेणार होते आणि तिने दोनदा इंटरकॉम वाजवला होता. मी पहिलं पान अर्धं वाचलं, हवापाणी, तब्येत, कुणाचं तरी लग्न. बाकीची पानं नुसती चाळली. म्हटलं, "यात काही नाही बाबा. घरचंच सगळं आहे. ट्रॅकचं काही नाही." तुम्ही विचारलंत, "नक्की? शेवटपर्यंत बघितलंस?" मी चपला घालता घालता म्हटलं, "हो हो, सगळं बघितलं. यल्ला, जाऊ मी?" तुम्ही वहीत लिहिलंत, पत्र सहा, उपयुक्त माहिती नाही. माझ्यावर विश्वास ठेवून लिहिलंत. तुम्ही ऑफिसात कुणाच्या मोजमापावर दुसऱ्यांदा मोजल्याशिवाय विश्वास ठेवत नव्हता.

शीट पूर्ण व्हायला आणखी दीड महिना गेला. काय शीट होतं ते! वळणांचे उतार बारीक बारीक रेघांनी दाखवलेले, स्टँडची एकेक पायरी, टँकर उभा राहायची जागा, कणसांची टपरी. बाहेरून लाकडी कुंपण, फळी अन् फळी, अर्धा मैल अखंड. एका रेघेची जाडी दुसऱ्या रेघेपेक्षा कमी नाही की जास्त नाही. तुम्ही मला 'असिस्टंट' म्हणून गुरुवारी शाळा सुटल्यावर ऑफिसात घेऊन गेलात. मी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून. केबिनमधली ती तीन मुलंही बघायला बाहेर आली आणि त्यातला एक मनापासून म्हणाला, "अंकल, यह तो कंप्युटर के प्लॉटर से भी साफ है." तुम्ही मान नुसती हलवलीत, पण तुमचे कान लाल झाले होते.

साहेबाने चष्मा लावला आणि बोट ट्रॅकवरून गाडीसारखं फिरवायला सुरुवात केली. पहिलं वळण, दुसरं वळण, मागचा सरळ पट्टा. मध्ये मध्ये हसत होता, टपरीशी आल्यावर काहीतरी जुनं आठवून मोठ्याने हसला. तिसऱ्या वळणावर बोट थांबलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "यू क्लोज्ड इट." तुम्हाला कळलं नाही. त्याने विचारलं, "माय सिस्टर्स लेटर. डिड यू रीड इट?" बाबा, मला त्या क्षणी सगळं कळलं. काय लिहिलं असेल ते नाही, पण कुणाचं चुकलं ते कळलं. मी तुमच्या शेजारी उभी होते, तुमच्या कोपराला माझा खांदा लागत होता. मला इंग्रजी येत होतं. 'सर, दॅट वॉज मी', चारच शब्द लागत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाही. तुम्ही शीटकडे बघत म्हणालात, "यस सर. माय मिस्टेक, सर. आय मिस्ड." साहेब सभ्य माणूस, तो म्हणाला काही हरकत नाही, फार सुंदर काम आहे. पण त्याने शीट गुंडाळलं तेव्हा शेवटचं वळण बघायचं राहून गेलं होतं. ती तीन मुलं खाली बघत केबिनमध्ये परत गेली.

परतताना शारजाच्या रस्त्यावर नेहमीसारखं जॅम होतं. दीड तास आपण गाडीत होतो. मी वाट बघत होते की तुम्ही ओरडाल. तुम्ही इतर वेळी ओरडायचात, बाथरूमचा दिवा चालू राहिला तरी ओरडायचात. त्या दिवशी तुम्ही एवढंच विचारलंत, "भूक लागली का?" आणि गाडी थांबवून शोरमा घेऊन दिलात. मी तो सगळा खाल्ला. तुम्ही नाही खाल्लात. घरी आईने विचारलं, "आवडलं का साहेबांना?" तुम्ही म्हणालात, "आवडलं. एक छोटी चूक राहिली माझी." मी आतल्या खोलीत होते. बाहेर येऊन बोलायला पाच पावलं चालायची होती, ती मी चालले नाही.

आठवड्याने साहेब गेला. वर्ष संपताना तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. मला ठाऊक आहे, ते तसंही संपणारच होतं, त्या एका शीटने कंप्युटर थांबले नसते. पण वीस वर्षं बिनचूक काम करणारा माणूस शेवटच्या कामात चुकला असं म्हणवून घेऊन तुम्ही तिथून निघालात. आणि ते म्हणणारेही तुम्हीच. मिरजेला आल्यावर मी सात वर्षं तुमच्यासोबत एका घरात राहिले, बाबा. रोज सकाळी आपण समोरासमोर बसून चहा पीत होतो. मला वाटायचं तुम्ही विसरलात. मग वाटायचं, तुम्हाला कळलंच नव्हतं, तुम्ही खरंच स्वतःची चूक समजलात. हे दुसरं मला फार सोयीचं होतं. त्याच्या आधाराने मी निभावून नेलं, तुम्ही गेल्यावरसुद्धा.

या हिवाळ्यात आईने आणलेला पाइप मी उघडला. आत दुसरं शीट निघालं. तोच ट्रॅक, पहिल्यापासून परत काढलेला, मिरजेत, त्या घरच्या मिणमिणत्या ट्यूबखाली. त्यात गुंडाळलेली सहाव्या पत्राची झेरॉक्स. तिच्या प्रत्येक ओळीवर तुम्ही पेन्सिलीने मराठी शब्द लिहिले आहेत. काही चुकीचे. एका शब्दाला पाच वेगवेगळे अर्थ लिहून चार खोडलेत. चौथ्या पानापर्यंत. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही स्वतः ते शेवटपर्यंत वाचून काढलं होतं, आणि कोणी काय वाचलं नव्हतं ते तुम्हाला माहीत होतं.

मग मी ते पत्र वाचलं, तीस वर्षं उशिरा. साहेबाच्या वडिलांचं गावात गॅरेज होतं आणि तेही शनिवारी गाडी पळवायचे. एका शनिवारी तिसऱ्या वळणावर त्यांची गाडी कुंपण तोडून पलीकडच्या मक्यात गेली आणि ते वाचले नाहीत. साहेब तेव्हा सहा वर्षांचा, बहिणीच्या मांडीवर. कुंपण दुरुस्त करायला लोक आले तेव्हा साहेबाच्या आईने सांगितलं, एवढी जागा मोकळी ठेवा. त्या शेतकऱ्याने ठेवली. मागे गवताचे भारे रचले आणि ट्रॅक बंद पडेपर्यंत तिथे फळी मारली नाही. दर शनिवारी शर्यतीआधीच्या सावकाश फेरीत प्रत्येक ड्रायव्हर त्या मोकळ्या जागेसमोर एक हात वर करायचा. बहिणीने शेवटी लिहिलं होतं, बाकी काही चुकलं तरी चालेल, तेवढं मोकळं काढायला सांग.

तुमच्या दुसऱ्या शीटवर ते मोकळं आहे. फळ्या येतात, थांबतात, बोटभर जागा सुटते, पुन्हा सुरू होतात. आणि कोपऱ्यात, ड्रॉइंगमध्ये बदल केला की जिथे कारण लिहायचं असतं त्या चौकटीत, तुमच्या सरळ इंग्रजी अक्षरात लिहिलं आहे: 'फेन्स ॲट टर्न थ्री करेक्टेड. ड्राफ्ट्समन्स एरर.' मागे पेन्सिलीने मराठीत, साहेबांचा पत्ता मिळाला की पाठवणे. तो तुम्हाला मिळाला नाही. मला दोन संध्याकाळी लागल्या, त्या गावच्या लायब्ररीला एक मेल, बस. मुलगा शेजारी बसून मदत करत होता. त्याने वरून काढलेला त्या जागेचा फोटो शोधला आणि म्हणाला, "मम्मा, इट्स जस्ट अ वेअरहाउस." मग शीटच्या कोपऱ्यातलं वाचून विचारलं, "सो आजोबा मेस्ड अप?" तोही आता चौदाचा आहे. मी म्हटलं, जेवायला चल.

साहेब नऊ वर्षांपूर्वी वारला. त्याच्या मुलीने मला उत्तर लिहिलं. पहिलं शीट त्यांच्या जेवणाच्या खोलीत फ्रेम करून लावलेलं आहे, म्हणाली. त्यावर एका ठिकाणी भोक आहे. तिच्या वडिलांनी एकदा ब्लेड घेऊन तिसऱ्या वळणावरची शाई खरवडायला घेतली, त्यांना ते काम येत नव्हतं, आणि कागद फाटला. त्यांनी ते तसंच लावून टाकलं. तिने मला शीटचा फोटो पाठवला. बाबा, बाकी सगळं अजून काळंभोर आहे, एकही रेघ उडालेली नाही. मी ऑफिसात बसून तो फोटो बघितला आणि वॉशरूममध्ये जाऊन रडले. शेजारच्या डेस्कवरची मुलगी विचारत होती, आर यू ओके, हबीबती.

तुमचं दुसरं शीट काल तिच्या हातात पडलं. तिने लगेच मेल केली. फार आभार मानले, दोन्ही शेजारी शेजारी लावणार म्हणाली. मग विचारलं, कोपऱ्यात 'ड्राफ्ट्समन्स एरर' लिहिलंय ते काय? इतकं नेमकं काम करणाऱ्या माणसाकडून एवढी एकच गोष्ट कशी राहिली? सहज विचारलं होतं, काही मनात धरून नाही. मी उत्तर लिहायला घेतलं, दोनदा खोडलं. मुलाला क्लासला सोडायचं होतं, तो दारात बूट घालून उभा होता, इंटरकॉमच वाजवायचा बाकी होता. हे कारण मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते तुम्ही आधी एकदा ऐकलेलं आहे.

हे पत्र घरातही ठेवणार नाही, आई उघडते माझे ड्रॉवर अधूनमधून. तिला अजून वाटतं की तुमची एक छोटी चूक झाली होती. फाडून टाकेन. पण त्याआधी कुठेतरी एकदा लिहायला हवं म्हणून लिहिते: काल संध्याकाळी मी त्या बाईंना उत्तर पाठवलं, की एक पत्र वाचायचं माझ्या वडिलांकडून राहून गेलं.